धुतलेल्या पट्ट्यांची लढाई

मी मशीनगन बोलतेय. दचकू नका, हात वर करू नका आणि पोरांना मागेही ओढू नका. माझ्या पोटात आता एकही गोळी नाही. तोंडाची वाफ दवडणं तेवढं उरलंय, आणि वाफ दवडायची सवय मला जन्मापासूनची आहे.

फौजेत सगळे मला 'थोरली' म्हणत. माझ्यापेक्षा हलक्या, सडपातळ बहिणी मागून आल्या, म्हणून मी थोरली. मी पाण्याची गन. म्हणजे माझ्या नळीभोवती पत्र्याचं एक जाडजूड नळकांडं आहे आणि त्यात चार लिटर पाणी मावतं. गोळ्या सुटायला लागल्या की नळी तापते, पाणी उकळतं, त्याची वाफ होते आणि नळी वाचते. पाणी, तिपाई आणि काडतुसांचे पट्टे धरून मला हलवायला चार माणसं लागत. चढावर चौघंही माझ्या नावानं बोटं मोडत, आणि वर पोचून मी एकदा बोलायला लागले की तेच चौघं माझे गोडवे गात. माणसांचा हा स्वभाव मी पहिल्या आठवड्यातच ओळखला.

आधी घराण्याची ओळख करून देते. घराण्याचा अभिमान मला आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्या आजीला एक सोडून सहा नळ्या होत्या, गोलाकार बांधलेल्या, आणि बाजूला एक दांडा. दांडा फिरवला की नळ्या फिरत, वरून काडतुसं पडत आणि एकेक नळी आपापली पाळी आली की उडे. तोफेसारखी चाकांवर बसवून तिला घोडे ओढत. काम चोख होतं, पण सगळी मदार दांडा फिरवणाऱ्यावर. गडी घाबरला की गरगरा दांडा फिरवी, मग आजी अडकून बसे, आणि दोष मात्र आजीलाच लागे.

माझ्या पिढीला दांडा नाही. गोळी सुटली की बंदूक मागे धक्का देते. माणसं पिढ्यान् पिढ्या तो धक्का खांद्यावर खात होती आणि खांदे चोळत बसत होती. मग एका डोकेबाज माणसाला सुचलं की अरे, हा धक्का फुकट कशाला घालवायचा? त्यालाच कामाला लावू! तेव्हापासून एका गोळीचा धक्का रिकामी पुंगळी बाहेर फेकतो, पट्ट्यातलं पुढचं काडतूस ओढून आत बसवतो, आणि लगेच तीही गोळी उडते. माणसानं मागचा खटका तेवढा दाबून धरायचा. मिनिटाला पाचशे गोळ्या! आजीनं हे पाहिलं असतं तर दृष्ट काढली असती माझी.

धाकटी बहीण धुरावर चालते. गोळीमागचा गरम वायू नळीतून जरासा काढून घेऊन तो दट्ट्याला ढकलतो. तिला पाणी नको, तिपाई नको. पुढे दोन पाय टेकले, डोक्यावर काडतुसांची पेटी चढवली की बाई तयार. एकटा माणूस तिला काखेत मारून पळू शकतो. मात्र एका पेटीत जेमतेम तीस गोळ्या, आणि जरा जास्त बोलली की हिला ताप चढतो. चुलत बहीण विमानावर गेली. समोरच्या फिरत्या पंख्याच्या पात्यांमधून, पात्याला धक्का न लावता गोळी सोडायची, असलं नाजूक गणित तिनं जमवलं. एक जाडी आत्या आहे, तिची गोळी वीतभर लांब असते. तिच्यापुढे लोखंडी पत्र्याचीसुद्धा बोलती बंद होते. आणि एक आखूड भाची आहे, ती पिस्तुलाची गोळी खाते आणि तरी मशीनगन म्हणवते. म्हणवू दे बापडी, घरचीच आहे.

माझा जन्म एका लांबलचक कारखान्यात झाला. छताला काचा होत्या आणि खाली शंभर यंत्रांची घरघर. माझा प्रत्येक तुकडा वेगळ्या हातानं घासला, पण सगळे तुकडे एकत्र बसवले एका फिटरबाईनं. पन्नाशीची, चष्म्याला दोरी बांधलेली, कडक. तेलानं काळं झालेलं बोट ती माझ्या आतल्या प्रत्येक कडेवरून फिरवायची. कुठे केसाएवढी कच लागली की तुकडा परत. मुकादम ओरडायचा, "बाई, लग्नाची मुलगी बघताय का? दिवसाला चार व्हायला पाहिजेत!" ती मान वर न करता म्हणायची, "चार हव्यात की चालणाऱ्या हव्यात, ते आधी ठरवा." मी तिची त्या दिवशीची तिसरी. तिच्या हातून आले याचा मला आजही ताठा आहे.

आता खरी गोष्ट. माझ्या आयुष्यात लढाया बऱ्याच झाल्या, पण सांगावी अशी ही एकच.

आमची तुकडी एका नदीवरच्या पुलाशी होती. पुलाच्या अलीकडच्या टोकाला एक रिकामी शाळा होती, तिच्या ओसरीवर माझा मुक्काम. पहिल्या नंबरवर, म्हणजे खटक्यावर, हवालदार. मूळचा पाथरवट, हात फावड्यासारखे, आवाज त्याहून मोठा. दुसऱ्या नंबरवर, म्हणजे उजवीकडून पट्टा भरवायला, एक शिंपी. हडकुळा, मान पुढे काढलेली, गळ्यात कायम मापाची फीत. लढाईत फीत कशाला लागते, असं कुणी विचारलं की म्हणायचा, "सवय आहे हो. काढली की मान गार पडते." हवालदार त्याला 'सुईदोरा' म्हणायचा, आणि प्रेमानं अजिबात नाही.

"मला पैलवान द्या म्हटलं होतं," हवालदार सगळ्यांदेखत म्हणायचा, "यांनी मला सुईदोरा दिला! उद्या शत्रू आला की हा त्याचं माप घेईल."

शिंपी हसायचा आणि पट्टा सरळ करायला घ्यायचा. त्याला पट्टा भरवायला आवडायचं, हे मला कळत होतं. माझा पट्टा जाड सुती कापडाचा असे. दोन पट्ट्या शिवून त्यांच्यामध्ये ओळीनं अडीचशे घरं केलेली, आणि एकेका घरात एकेक काडतूस. तो वाकडा आत गेला की मी अडकते. पुष्कळ जण तो माझ्या तोंडात कोंबतात. शिंप्यानं कधी कोंबला नाही. शिलाई मशीनखाली कापड सरकवावं तसा तो पट्टा तळहातावर सपाट धरून आत सोडायचा, माझ्या ओढीच्या पुढेही नाही आणि मागेही नाही.

तिसरा माणूस आमचा स्टोअरवाला. त्याचं टोपणनाव 'चकाचक'. एवढा स्वच्छतेचा भोक्ता मी दुसरा पाहिला नाही. त्याच्या कोठीत फावडीसुद्धा पुसून उंचीनुसार उभी केलेली. बादल्यांत तोंड दिसायचं. त्याच्याकडे मेणाचं एक मोठं पॉलिश होतं, ते तो कुणाला बोटभर द्यायचा नाही. मनानं लाखात एक, पण डाग दिसला की त्याचं डोकं फिरायचं.

त्या आठवड्यात बातमी आली की मोठे साहेब पाहणीला येणार. झालं! चकाचकच्या अंगात वारं संचारलं. माझे चार पट्टे चिखलानं, तेलानं काळे झाले होते. बाकीचे पट्टे आधीच्या लढाईत गेलेले, नवे अजून यायचे होते. त्यानं चारही पट्टे रिकामे केले, सोडा घालून उकळत्या पाण्यात टाकले, चांगले आपटून धुतले आणि शेगडीवर दोरी बांधून वाळवले. पट्टे दुधासारखे पांढरे निघाले. साहेबांनी पाठ थोपटली, आणि चकाचक दोन दिवस जमिनीवर नव्हता.

शिंप्यानं मात्र पट्टा हातात घेतला आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. गळ्यातली फीत काढून त्यानं माप घेतलं. पुन्हा घेतलं.

"हवालदारसाहेब," तो म्हणाला, "पट्टे आटलेत. सगळं सूत आवळलंय. काडतूस आत जातंय ते जोर लावून. थोरलीला ते ओढून काढता येणार नाही."

"आला माप घ्यायला!" हवालदार म्हणाला. "हा काय नवरदेवाचा कोट आहे? चल, काडतुसं भर."

शिंप्यानं मान खाली घालून भरली. एकेक काडतूस घरात शिरताना कापड कसं करकचून धरत होतं, ते मला समोरून दिसत होतं. मला माणसांसारखं बोलता येत असतं तर मी त्याच वेळी ओरडले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता मेजरसाहेब धुळीनं माखून आले. गाडीतून उतरल्या उतरल्या त्यांनी हवालदाराला आणि दुसऱ्या नंबरला जवळ बोलावलं.

"पलीकडे दहा-बारा किलोमीटरवर आपलं हॉस्पिटल आहे," ते म्हणाले. "त्यांना निघायला सांगितलंय. जखमी, डॉक्टर, नर्स, सगळे. नदीकाठच्या रस्त्यानं दुपारी साडेबारापर्यंत पुलावर येतील. पण शत्रू त्यांच्याआधी, अकराच्या सुमाराला त्या समोरच्या टेकडीवर येतोय. पूल त्याच्या हाती पडला तर तो इकडे घुसेल. पुलाखाली सुरुंग लावून तयार आहे. आता मला एकच सांगा. थोरली त्याला दीड तास टेकडीवर थोपवून धरेल ना? धरणार असेल तर मी हॉस्पिटलसाठी पूल ठेवतो. नाहीतर आत्ताच उडवतो."

"धरेल म्हणजे काय, साहेब!" हवालदारानं मिशीला पीळ दिला. "ऐकाच."

तो बसला, खटका दाबला. एक, दोन, तीन गोळ्या. आणि चौथ्याला मी अडले. काडतूस पट्ट्यातून सुटेचना. मी जीव खाऊन ओढलं, पण कापडानं सोडलं नाही. हवालदारानं झटका दिला, पुन्हा दाबलं. एक गोळी, आणि पुन्हा अडले. दुसरा पट्टा लावला, तीच तऱ्हा. एवढ्या लोकांसमोर माझी अशी शोभा आयुष्यात झाली नव्हती.

चकाचकचा चेहरा त्याच्या पट्ट्यांइतका पांढरा पडला.

मेजरसाहेबांनी घड्याळ बघितलं. "पूल उडवा," ते हळूच म्हणाले. त्यांनाही ते जड जात होतं.

तेव्हा शिंपी पुढे आला.

"साहेब, मला एक तास द्या. पट्टे मी सरळ करून देतो."

"तुला कसं जमेल?"

"शिंपी आहे, साहेब." त्यानं अडकलेला पट्टा हातात घेतला. "त्या हॉस्पिटलात माझी ताई नर्स आहे. आई गेल्यावर तिनंच मला वाढवलं. पण ती तिथे नसती तरी हेच म्हणालो असतो. आटलेलं कापड मला कळतं, साहेब. दुसरं काही येत नसेल, एवढं येतं."

मेजरसाहेबांनी त्याच्याकडे बघितलं, मग हवालदाराकडे. हवालदारानं नजर जमिनीत घातली आणि म्हणाला, "साहेब, हा काल मला सांगत होता. मीच ऐकलं नाही."

"दहा वाजेपर्यंत," मेजरसाहेब म्हणाले. "एक मिनिट जास्त नाही."

आणि मग माझ्या सुईदोऱ्याचा जो आवाज निघाला! हाच का तो मान खाली घालणारा? मला खरंच वाटेना.

"आचारीमामा, चहाची दोन्ही पातेली चुलीवर, नुसतं पाणी, झाकण लावून. वाफ पाहिजे मला. तुम्ही दोघं, शाळेतल्या खुर्च्यांच्या गोल दांड्या तोडा, बोटाएवढे तुकडे करा. प्रत्येकाला एक. काडतुसापेक्षा किंचित जाड, किंचित! टोक घासून गुळगुळीत करा, कापड फाटलं तर बघा. जेवणाच्या डब्यांत निखारे भरा, त्याची इस्त्री करायचीय. हवालदारसाहेब, तुम्ही इथे बसा, माझ्याशेजारी."

हवालदार बसला! फावड्यासारख्या हातांत एवढीशी खुंटी धरून, मांडी घालून, बालवर्गातल्या मुलासारखा.

"आता नीट ऐका सगळ्यांनी. आटलेल्या कापडाला जबरदस्ती केली की ते फाटतं. आधी वाफ द्यायची, मऊ झालं की खुंटी घालून ताणायचं, आणि ताणलेलं असतानाच वरून गरम डबा फिरवायचा. ओलं राहता कामा नये, ओलं राहिलं तर फुगेल. मग आतून मेण. चार पट्टे, हजार घरं. आपण वीस जण. पन्नास घरं प्रत्येकी, एका घराला एक मिनिट. चला!"

"मेण कुठून आणायचं?" कुणीतरी विचारलं.

चकाचक कोठीत गेला आणि आपला तो पॉलिशचा डबा घेऊन आला. झाकण उघडून त्यानं तो मधोमध ठेवला. "घ्या," म्हणाला. "लागेल तेवढं घ्या." आणि स्वतः खुंटी घेऊन खाली बसला. त्याच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि तो ते कोपरानं पुसत होता, कारण हात मेणाचे होते.

तो तास मी जन्मभर विसरणार नाही. वीस दाढीवाले गडी गुडघ्यावर पट्टा घेऊन बायाबापड्यांसारखे काम करतायत, ओसरीभर वाफ, आणि शिंपी सगळ्यांच्या मधून फिरतोय. "असं नाही हो, आडवं नका ओढू. मामा, डबा फार वेळ ठेवलात, करपेल. हे कुणाचं? तुमचं? फारच छान, शिंपी व्हायला हरकत नाही." त्याचे स्वतःचे हात तर पाहवत नव्हते. निखाऱ्याचा डबा धरायला मूठ नव्हती, आणि फडकं घ्यायला तो थांबत नव्हता. तळहाताला फोड आले, फुटले, पुन्हा आले.

"हात बघ तुझे," हवालदार म्हणाला.

"नंतर बघू. घर सोडलंत तुम्ही एक, मागचं. ते करा."

"करतो, मास्तर," हवालदार म्हणाला. तोंडातून निघून गेलं त्याच्या. शिंप्याचंही लक्ष नव्हतं, पण माझं होतं.

दहाला तीन मिनिटं कमी असताना पहिला पट्टा माझ्या तोंडाशी आला. मेजरसाहेब घड्याळ हातात घेऊन उभे. शिंप्यानं पट्टा तळहातावर सपाट धरला. हवालदारानं श्वास रोखून खटका दाबला.

वीस गोळ्या! सलग वीस, मध्ये एक ठेच नाही! काडतुसं पट्ट्यातून अशी सुटत होती की मला ओढावंही लागत नव्हतं. माझाच आवाज मला इतका गोड कधी लागला नव्हता. ओसरीवर टोप्या उडाल्या, आचारीमामानं झाकणावर झाकण आपटलं. मेजरसाहेबांनी घड्याळ खिशात घातलं. "पूल राहील," ते म्हणाले.

अकराला पाच कमी असताना टेकडीवर पहिले ठिपके दिसले. आता मी काय केलं ते सांगते, आणि तिखटमीठ न लावता सांगते. टेकडीवरून पुलाकडे येणारा एकच उघडा उतार होता. तो उतार पावणेदोन तास माझा होता. हवालदार पंधरा-वीस गोळ्यांचा एकेक फटकारा सोडायचा, थांबायचा, बघायचा. ते उतरायला लागले की मी बोलायचे, मी बोलले की ते परत वर. तीनदा आले, तीनदा मागे गेले. माझ्या गोळ्यांनी माणसं पडली. ते नाही असं मी म्हणणार नाही, मी त्याचसाठी घडवलेली आहे.

दुसऱ्या पट्ट्याच्या मध्यावर त्यांची एक गोळी माझ्या नळकांड्याला लागली आणि आरपार भोक पाडून गेली. पाणी धो धो वाहायला लागलं. नळी लालबुंद व्हायला आता वेळ लागणार नव्हता. शिंप्यानं डाव्या हातानं खिशातून खुंटी काढली आणि एका भोकात ठोकली, हवालदारानं आपली काढून दुसऱ्यात ठोकली. पाणी थांबलं, पण निम्म्याहून जास्त गेलं होतं.

"पाणी!" हवालदार गरजला.

पंप शाळेच्या अंगणात होता, मध्ये चाळीस पावलं उघडी जमीन. चकाचक उठला. त्याच्या त्या लखलखीत बादल्या दोन हातांत घेऊन तो धावला. उन्हात त्या इतक्या चमकत होत्या की पलीकडच्या प्रत्येकाचा नेम त्याच्यावर लागला असेल. गेला, भरल्या, आला. एका बादलीला भोक पडलं होतं, ते त्यानं अंगठ्यानं दाबून धरलं होतं. माझ्या पोटात गार पाणी पडलं आणि फस्स करून वाफ उठली. अहाहा! त्याच्या बादलीवर चिखलाचा हा एवढा पट्टा होता, पण त्यानं तो पुसला नाही.

सव्वाबाराला नदीकाठच्या रस्त्यावर धूळ दिसली. हॉस्पिटल! पहिली गाडी पुलावर आली, दुसरी आली. मी माथ्यावरून एक क्षण नजर काढली नाही. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. आणि मग रस्ता मोकळा.

मेजरसाहेबांनी सहाव्या गाडीच्या ड्रायव्हरला विचारलं, "झाले सगळे?"

"नाही साहेब. सातवी बंद पडली. नर्सबाई त्यातल्या सगळ्यांना चालवत आणतेय. स्ट्रेचरवाले उचलून."

"किती मागे आहेत?"

"वीस मिनिटं. जास्तच."

शिंप्यानं हे ऐकलं. त्याच्या हातातला पट्टा एवढासाही थरथरला नाही, ते मला कळतं, कारण थरथरला असता तर मी अडले असते. चौथा पट्टा लागला होता. शेवटचा, आणि रिकामे पट्टे पुन्हा भरायला काडतुसं नव्हती.

हवालदार पुटपुटला, "मास्तर, आता पाच-पाच सोडतो. पुरवून पुरवून."

"सोडा," शिंपी म्हणाला. "मी आहे."

पाच गोळ्या, थांबा. पाच गोळ्या, थांबा. टेकडीवरच्यांना वाटलं, आमचा दारूगोळा संपला. ते चौथ्यांदा उतरले, आणि या वेळी सगळेच. आणि त्याच वेळी रस्त्याच्या वळणावर ती वरात दिसली. कुबड्या टेकणारे, एकमेकांच्या खांद्यावर हात टाकलेले, चार स्ट्रेचर, आणि सगळ्यांच्या मागे बाह्या सरसावलेली एक बाई, एका पोरसवदा जखमीला पाठुंगळी घेऊन. ती चालता चालता ओरडत होती, "थांबायचं नाही! बसायचं तिकडे जाऊन!"

हवालदारानं खटका दाबला तो सोडला नाही. फिटरबाई, तू त्या दिवशी मला बघायला हवं होतंस! पन्नास, साठ, ऐंशी, शंभर गोळ्या, सलग. पाणी उकळून खुंट्यांच्या फटींतून वाफ उडतेय, नळी धगधगतेय, आणि पट्टा त्या फोडांच्या तळहातावरून सपाट, सरळ, लोण्यासारखा आत येतोय. उतारावरचे आडवे पडले, मग सरपटत वर गेले. पुलाच्या अलीकडे त्या बाईचं पाऊल पडलं तेव्हा पट्ट्यात अकरा काडतुसं शिल्लक होती.

"उडवा!" मेजरसाहेब ओरडले. आणि पूल धडाडकन नदीत गेला.

पलीकडचे तासाभरानं टेकडी सोडून निघून गेले. आम्ही जिंकलो होतो! लोक नाचत होते, मला चक्क हार घालायला निघाले होते, आणि कुणालाही तापलेल्या नळीला हात लावायचं भान नव्हतं. भाजले दोघं-तिघं. बरे भाजले.

ताई गर्दीतून वाट काढत ओसरीवर आली. ती भावाजवळ बसली आणि आधी म्हणाली, "हात बघू."

"काही नाही गं ताई. इस्त्री लागली जराशी."

"एवढी वर्षं शिवतोस आणि इस्त्री धरता येत नाही?" असं म्हणाली आणि मग मोठ्यानं रडायला लागली. रडता रडता पट्टी बांधत होती, गाठ मात्र अचूक.

हवालदार उभा राहिला. "ताई, मास्तरांना रागावू नका. चूक माझी आहे. तुमचा भाऊ काल बोलला तेव्हा मी ऐकलं असतं तर हे हात असे झाले नसते." आणि त्या पाथरवट गड्यानं सगळ्या तुकडीसमोर शिंप्याला कडकडून मिठी मारली.

"किती जणांना आणलंस गं?" शिंप्यानं विचारलं.

"एकशे एकेचाळीस," ताई म्हणाली. "एकही मागे ठेवला नाही."

त्यानंतर आठवडाभरानं कोठीच्या भिंतीवर चकाचकनं स्वतःच्या सुरेख अक्षरात लिहिलं, 'पट्टे धुऊ नयेत'. खाली सहीसुद्धा केली.

युद्ध संपल्यावर मी शस्त्रशाळेत गेले. तिथे डोळ्यांना पट्टी बांधून मला खोलायची आणि पुन्हा जोडायची परीक्षा असे, आणि मी कितीतरी जणांना नापास केलं. मग माझ्या जागी पुढची पिढी आली. हलकी, दोन पायांवर उभी राहील आणि तिपाईवरही बसेल अशी. तिचा पट्टा पोलादी कड्यांचा, तो आटत नाही. नळी तापली की तिथल्या तिथे बदलतात. आणि गंमत ऐका, सगळ्यात नवी जी आहे ना, तिला परत सहा नळ्या आहेत, आजीसारख्या! फक्त दांड्याच्या जागी विजेची मोटर. मला तिचा हेवा वाटत नाही. अभिमानच वाटतो.

आता मी एका संग्रहालयात काचेमागे बसते. जागा ऐसपैस आहे, उजेड चांगला आहे, आठवड्यातून एकदा एक मुलगी माझी धूळ झटकते. शाळेची मुलं येतात आणि त्यांच्यातला एक तरी हटकून विचारतो, "हिनं किती माणसं मारली?" बाईंना उत्तर देता येत नाही. मलाही येत नाही. कुणी मोजलं नाही, आणि त्याची शेखी मी कधी मिरवणार नाही. ज्या दिवशी माझ्या घराण्यातल्या कुणाचीच कुठे गरज उरणार नाही, त्या दिवशी सगळ्यात आधी मी टाळ्या वाजवीन.

पण एक मागणं आहे, आणि थोरलीचं मागणं म्हणून ऐका. माझ्या पायाशी पितळी पाटी आहे. तिच्यावर माझं वजन लिहिलंय, पल्ला लिहिलाय, मिनिटाला पाचशे गोळ्या लिहिलंय. खाली एका ओळीची जागा मोकळी आहे. त्या पोरांना एक आकडा मला सांगता येतो, ताईनं स्वतः मोजलेला. तेवढा तिथे कोरा: 'एका शिंप्यानं हिला बोलतं केलं, आणि ही बोलत राहिली म्हणून एकशे एकेचाळीस माणसं घरी गेली.'